किटलीतली खुर्ची

बारीकबाई अंगाने काही बारीक नव्हत्या. नकाशांच्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी ट्रेसिंग केलं, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद टाकायचा आणि खालच्या रेघेवरून शाईची रेघ फिरवायची. ती रेघ इतकी बारीक आणि एकसारखी यायची, की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना बारीकबाई म्हणू लागले आणि खरं नाव हजेरीपटावर राहिलं. कचेरीत नवीन आलेला माणूस एखादी काडीपैलवान बाई शोधत फिरायचा आणि शेवटी खिडकीजवळ भरभक्कम बारीकबाई बसलेल्या बघून गोंधळायचा. त्याची त्यांनाही गंमत वाटायची.

त्या कामाचा पहिला धडा म्हणजे आपली सावली कागदावर पडू द्यायची नाही. उजेड डावीकडून घ्यायचा, आणि जिथे आपलंच डोकं आड येईल तिथे मान कलती करून पलीकडचं बघून घ्यायचं. रेघ दिसली पाहिजे, ट्रेसर दिसता कामा नये. दुसरा धडा म्हणजे स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मूळ नकाशात जे असेल ते उतरवायचं. एकदा मूळ नकाशावर माशीने ठिपका करून ठेवला होता. बाईंनी तो इमानेइतबारे विहीर म्हणून उतरवला आणि एक मोजणीदार ती विहीर शोधत दोन दिवस रानोमाळ हिंडला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून झालेली तेवढी एकच चूक, आणि तीही माशीची.

पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, बाई निवृत्त झाल्या, आणि घरी ताई होतीच. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती धाकटीकडे राहायला आली त्याला एकोणीस वर्षं झाली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात दोघी. ताईला सतत बोलायला लागायचं आणि बाईंना सतत शांतता लागायची. म्हणजे रोज खटके उडायचे आणि रोज दुपारी चहाच्या वेळी मिटायचे. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ताईची लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड. ताईने पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सरकवली होती, आणि केर काढताना तो पुठ्ठा हलला की ती घर डोक्यावर घ्यायची.

मग ताईच्या लेकीला जुळं झालं. लेक दुसऱ्या गावी. ताई तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, तिला चौदा महिने होत आले होते.

घर एवढं शांत असू शकतं हे बाईंना माहीतच नव्हतं. जन्मभर मागितलेली शांतता अशी एकगठ्ठा मिळाल्यावर तिचं करायचं काय, हे कळेना. शेजारीण होती, तीही पावसाळ्याआधी घर सोडून गेली. कधी कधी मंगळवारपासून शनिवारपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. त्यामुळे फोन वाजला की बाई आधी घसा खाकरून घ्यायच्या, म्हणजे आवाज दिवसभर न वापरल्यासारखा वाटू नये. फोनवर ताई विचारायची, कशी आहेस. बाई सांगायच्या, मजेत. शेजारीण येऊन गेली, गप्पा झाल्या, वेळ कसा जातो कळत नाही. शेजारीण गेल्याचं त्यांनी सांगितलंच नव्हतं, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती.

ताईची आठवण येते, असं सरळ म्हणायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. बाईंनीही स्वतःला विचारलं होतं. पण एकोणीस वर्षं ज्या बहिणीला “जरा गप्प बस गं” म्हणून झालं, तिलाच ये म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिवाय तिथे नातवंडं. इथे काय, आखूड पायाची खुर्ची.

वेळ घालवायला म्हणून त्यांनी शनिवारचा चित्रकलेचा वर्ग धरला. एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर एक सर वस्तुचित्र शिकवायचे. वयाने बाईंच्या भाच्याएवढे, बोलायला अगदी कमी, कोपरं कायम पेन्सिलीने काळी झालेली. टेबलावर बाटली, वाडगा, एखादं फळ मांडायचं आणि समोर बसून नुसत्या पेन्सिलीने काढायचं. रंग नाहीत, फोटोवरून काढणं नाही. सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की माहीत असतं ते काढू नका, दिसतं ते काढा. वाडग्याचं तोंड गोल असतं हे माहीत असतं, पण बसल्या जागेवरून ते गोल दिसत नाही, चपटं दिसतं. पेन्सिल हात ताठ धरून एका डोळ्याने मापायची, आणि कोपर वाकवलं की माप खोटं. बाईंना हे सगळं फार आवडलं. पहिल्या महिन्यातच सर म्हणाले, की इतका धीर धरून बघणारं माणूस वर्गात दुसरं नाही. बाईंनी ते वाक्य घरी येताना रस्ताभर मनात घोळवलं, कारण घरी सांगायला कुणी नव्हतं.

त्यानंतर भाचीचा फोन आला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मग मुद्द्यावर आली. ते लोक मोठ्या घरात जाणार होते. आईसाठी वेगळी खोली करता येईल, पण भिंत कुठे घालायची ते महिनाअखेरीपर्यंत सांगायला हवं. आई कायमची राहायला तयार आहे का म्हणून विचारलं तर म्हणते मावशीला विचार.

“मावशी, खरं सांग हं,” भाची म्हणाली. “तुला चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” बाई म्हणाल्या. “मी मजेत आहे.”

भाचीला हायसं वाटलेलं फोनमध्येही ऐकू आलं. ती म्हणाली, तू चित्रं काढतेस म्हणे, एखादं पाठव ना. आईने ते बघितलं की तिलाही पटेल की तुझं छान चाललंय, मग ती निवांत मनाने इथे राहील. बाई हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ उभ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या कामाला लागल्या. ताईला पटवून द्यायचंच असेल तर चित्र असं व्हायला हवं, की बघणाऱ्याने म्हणावं, या बाईला आता कशाची कमी नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी स्टीलची किटली ठेवली, चांगली पोट सुटलेली आणि घासून लख्ख केलेली. शेजारी एक कांदा आणि कान तुटलेला कप. किटलीला एका बाजूला पोचा होता, तो ताईने पाडला होता आणि आळ बाईंवर घेतला होता. तिन्ही वस्तूंभोवती बाईंनी खडूने खुणा केल्या. सकाळी नऊ ते अकरा खिडकीतून उजेड नेमका यायचा, तेवढाच वेळ काम. किटली हलवायची नाही म्हणून चहा पातेल्यातून थेट कपात. अकरा दिवस त्यांनी तसाच चहा घेतला.

कांद्याने दगा दिला. चौथ्या दिवशी त्याला हिरवा कोंब फुटला आणि पाचव्या दिवशी तो बोटभर झाला. “तुला आत्ताच सुचलं का रे?” असं बाई त्याला मोठ्याने म्हणाल्या, आणि आपण कांद्याशी बोललो हे लक्षात येऊन गप्प झाल्या. वस्तू बदलली तर वस्तूचं ऐकावं असा सरांचा नियम होता. त्यांनी कांदा खोडून पुन्हा काढला, कोंबासकट.

खरं काम किटलीत होतं. लख्ख किटलीच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर उतरलं होतं, वाकडं आणि इवलंसं. एका कडेला खिडकी, धनुष्यासारखी वाकलेली. दुसऱ्या कडेला कपाट, शेगडी, वरची फळी. आणि मागच्या भिंतीला टेकून नखाएवढी ताईची खुर्ची. बाईंनी पेन्सिलीला ब्लेडने सुईसारखं टोक केलं आणि चौतीस वर्षांची सगळी पुण्याई त्या खुर्चीत ओतली. तिचे चार पाय आले, पाठीच्या तीन पट्ट्या आल्या, आखूड पायाखालचा पुठ्ठासुद्धा ठिपक्याएवढा आला. ताईची नजर अधू झालेली, पण ती भिंग घेऊन बसेल आणि हे तिला सापडेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ये म्हणणं जमत नव्हतं, तर निदान खुर्ची दिसू दे. एवढा स्वार्थ त्यांनी स्वतःला माफ केला.

शनिवारी चित्र सरांपुढे ठेवलं. सरांनी ते भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं. वर्गातल्या बाकीच्यांनी गर्दी केली. कोंब बघून सगळे हसले, किटली बघून गप्प झाले. पोच्यापाशी उजेड कसा मोडतो ते बाईंनी पकडलं होतं. सगळे पांगल्यावर सर हळूच बोलले.

“बाई, फार चांगलं झालंय. पण यात एक खोटं आहे.”

बाईंचे कान तापले. कुठे, असं त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली.

“मी सांगितलं तर तुम्ही माझ्या सांगण्यावरून काढाल. घरी जा, किटलीसमोर सरळ बसा आणि मान न हलवता बघा.”

मान न हलवता म्हणजे काय, हे बाईंना घरी येईपर्यंत कळलं नाही. रविवारी नऊ वाजता त्या बसल्या. कपाचा तुटका कान तपासला, बरोबर होता. कांद्याची सावली बरोबर, किटलीचं तोंड बरोबर. मग किटलीच्या पोटात खुर्ची बघायला म्हणून त्यांनी सवयीने मान डावीकडे कलती केली, आणि तिथेच थांबल्या. मान कलती का करावी लागते?

त्या सरळ बसल्या. खुर्ची दिसेनाशी झाली. तिच्या जागी, किटलीच्या बरोब्बर मध्ये, काळपट असं काहीतरी होतं. अकरा दिवस ते तिथेच होतं. अकरा दिवस बाई त्याला आपली सावली समजून बाजूला सरत होत्या आणि पलीकडचं बघून घेत होत्या. ट्रेसर दिसता कामा नये. समोर चकचकीत किटली घेऊन बसलेल्या माणसाने किटलीतलं सगळं घर काढलं होतं आणि स्वतःला तेवढं वगळलं होतं.

आता त्यांनी त्या काळपटाकडे नीट पाहिलं. पेन्सिल धरलेला हात केवढा तरी मोठा, कारण तो किटलीजवळ होता. त्यामागे उतरते खांदे. त्यावर डोकं, डाळीच्या दाण्याएवढं. भोवती सगळं घर रिकामं, आणि मध्ये ती बाई एकटीच बसलेली. कुणाचं चित्र असतं तर त्या म्हणाल्या असत्या, अगं बाई, किती एकटी आहे ही. ते मनात आलं आणि बाईंना रडू फुटलं. कुणी समोरून त्यांच्याकडे नीट बघितलंय असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. बघणारी आपणच निघालो, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

डोळे पुसून झाल्यावर पुढचा पेच उभा राहिला. चित्र सोमवारी कुरिअरने जायलाच हवं होतं, नाहीतर महिनाअखेर गाठता आली नसती. जसं होतं तसं पाठवलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. सर सोडून ते खोटं ओळखणारं होतं कोण? आणि खरं काढायचं तर बाईंना स्वतःला तिथे बसवायला लागणार होतं जिथे ताईची खुर्ची होती. म्हणजे खुर्ची पुसायला लागणार होती. ताईला गुपचूप पाठवायचा तो एकुलता एक निरोप, तोच खोडायचा. वर ती एकटी बाई बघून ताईला काय वाटेल, मजेत असण्याची सगळी इमारत एका दाण्याएवढ्या डोक्यापायी कोसळेल. पावणेअकरा वाजत आले होते. उजेड सरकायला लागला होता.

बाईंनी वर्गासाठी आणलेला, कणकेसारखा मळता येणारा खोडरबर घेतला, त्याचं टोक केलं आणि खुर्चीवर टेकवलं. घासायचं नाही, नुसतं टेकवून उचलायचं. पाठीच्या पट्ट्या उचलल्या, पाय उचलले, सगळ्यात शेवटी पुठ्ठा. एका ठिकाणी कागद खरबरीत झाला. तिथे त्यांनी मऊ, काळ्या पेन्सिलीने आपले खांदे भरले, डोकं ठेवलं, हात काढला. सुंदर वगैरे करायचा प्रयत्न केला नाही. दिसलं ते काढलं. सोमवारी सकाळी चित्र पुठ्ठ्याच्या नळीत घालून त्या कुरिअरवाल्याला देऊन आल्या आणि अकरा दिवसांनी किटली उचलून तिच्यात चहा ओतला. तो त्यांना गोड लागला नाही.

फोन गुरुवारी आला, दुपारच्या चहाच्या वेळेला. बाईंनी घसा खाकरून घेतला.

“चिमे,” ताईने ना कशी आहेस विचारलं ना काय करतेस विचारलं, “माझी खुर्ची कुठाय?”

ताई भिंग घेऊन बसली होती हे उघड होतं. तिने सगळी यादीच वाचली. खिडकी आहे, शेगडी आहे, मी पाडलेला पोचासुद्धा आहे. तू आहेस, पोक काढून बसलीयस, कितीदा सांगितलं ताठ बस म्हणून. पण भिंतीला खुर्ची नाही. कुणाला देऊन टाकलीस का, तसं असेल तर सांग, मी रागावणार नाही. ताई हे इतक्या हळू आवाजात बोलत होती, की तीच बोलतेय यावर बाईंचा विश्वास बसेना.

हलवली जरा, झाडायला घेतली होती, असं काहीतरी त्यांच्या जिभेवर आलं. चौदा महिन्यांची सवय होती ती. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

“खुर्ची आहे तिथेच आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागे आहे. मी मध्ये बसलेय म्हणून दिसत नाही तुला. आधी मी खुर्चीच काढली होती, स्वतःला काढलंच नव्हतं.” आणि मग, ज्याची त्यांनी तयारी केलेली नव्हती तेही आलं. “तू ये ना गं. मला नाही करमत एकटीला. शेजारीण केव्हाच गेली घर सोडून. मी खोटं सांगत होते.”

पलीकडे एक पोर रडत होतं आणि दुसरं कशावर तरी डाव बडवत होतं. ताई काही बोलेना. ताई आणि गप्प, हे एकोणीस वर्षांत झालं नव्हतं.

“मी इथे रोज वाट बघतेय तू ये म्हणायची,” ताई शेवटी म्हणाली. “विचारलं की तुझं आपलं एकच, मजेत. मला वाटलं, सुटली बिचारी माझ्या तोंडातून. आता हिच्या गळ्यात परत कशाला पडायचं?”

मग ताईने नाक ओढलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. लेकीला मी सांगते, ती म्हणाली. वाईट वाटेल तिला, पण खोली पोरांच्या कामाला येईल, आणि मी काय पळून जाणार आहे का, वर्षातून दोनदा येत जाईन. पंधरा दिवसांत निघते. तोवर ते चित्र इथेच भिंतीला लावते, रोज दोन्ही पोरांना दाखवते, ही बघा तुमची पोक काढणारी मावशीआजी.

“आणि त्या पायाखालचा पुठ्ठा आहे ना जागेवर?” ताईने विचारलं. “नाहीतर मी हौसेने येऊन बसायची आणि पडायची.”

बाई फोन कानाशी धरून भिंतीजवळ गेल्या. वाकून दिसेना, म्हणून खुर्चीचा आधार घेत गुडघ्यांवर बसल्या. पुठ्ठा जागेवरच होता. तरी त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला आणि मगच ताईला आहे म्हणून सांगितलं.